द्राक्षाच्या ग्रुपवर प्रश्न कसा टाकायचा, उत्तर कसं द्यायचं आणि आठ दिवसांनी परत का यायचं

रात्री साडेदहाला ग्रुपवर एका पानाचा फोटो येतो, खाली एवढंच लिहिलेलं, "काय आहे? काय मारू?" आणि पाच मिनिटांत अकरा उत्तरं. कुणी डाऊनी (केवडा रोग) म्हणतो, कुणी करपा, कुणी म्हणतो मॅग्नेशियम कमी पडलंय, दोघं तिघं नुसतं औषधाचं नाव टाकून मोकळे होतात. बाग कितव्या दिवसात आहे हे एकानेही विचारलेलं नसतं. मी तासगाव भागातल्या बागायतदारांच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरीच वर्षं आहे, त्यातला एक सांभाळतोही, आणि या ग्रुपांनी माझी बाग दोनदा वाचवलीय हे मनापासून सांगतो, पण एकदा अर्धवट उत्तराने मोठा फटकाही बसलाय. म्हणून जे शिकलो ते लिहून काढतोय. ग्रुपवर नवीन आलेल्यांना उपयोग होईल, जुन्यांनीही वाचावं.

पहिली गोष्ट दिवसाची. द्राक्षात तारीख चालत नाही, दिवस चालतो. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड आणायला फळछाटणी, आणि पुढचं सगळं त्या छाटणीपासून मोजायचं. पानावर तोच तेलकट डाग फळछाटणीनंतर १८व्या दिवशी दिसला तर घड नुकते बाहेर पडलेले असतात आणि डाऊनी सरळ घडावर जाऊ शकते, म्हणजे हंगामच हातातून जायची वेळ. तोच डाग ९०व्या दिवशी दिसला तर घडाला तेवढा धोका राहिलेला नसतो, पान सांभाळायचं असतं, आणि तिथे औषध निवडताना आधी काढणीला किती दिवस राहिलेत ते बघावं लागतं. दोघांना एकच उत्तर दिलं तर एकाचं नुकसान ठरलेलं.

म्हणून प्रश्न टाकताना एकच मोठा मेसेज टाका. तुकड्या तुकड्यात नको, कारण मध्ये दुसऱ्याचे चार मेसेज घुसतात आणि वाचणाऱ्याला काही जुळत नाही. आमच्या ग्रुपवर असा प्रश्न मी चांगला समजतो:

"तासगाव तालुका, थॉमसन, डॉगरीजवर कलम, काळी जमीन, बोअरचं पाणी. छाटणी १० ऑक्टोबर, आज ११ नोव्हेंबर, ३२वा दिवस, फुलोरा अजून सुरू नाही. परवा रात्री १४ मिमी पाऊस, काल सकाळी साडेनऊपर्यंत पान ओलं. मागच्या दहा दिवसातले स्प्रे वहीतल्या पानाच्या फोटोत आहेत. खालच्या पानांवर डाग आहेत, दहा झाडांत तीन झाडांना. पानाच्या वरचा आणि खालचा फोटो टाकलाय."

एवढं लिहायला चार मिनिटं लागतात. एवढं वाचल्यावर जाणता माणूस अंदाज नाही करत, उत्तर देतो. कलम कोणत्या खुंटावर आहे ते का लिहायचं, तर डॉगरीजवरची वेल जोमाने वाढते, पानं दाट होतात, आत ओल जास्त वेळ टिकते, ११० आर खुंटावर तसा प्रकार कमी. पाणी बोअरचं की कॅनॉलचं हे का, तर जड पाण्यात फवारणीच्या द्रावणाचा पीएच वर जातो आणि जीएसारख्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) गोष्टींचं काम अर्ध्यावर येतं. मागचे स्प्रे का, तर एकाच गटाचं औषध लागोपाठ तिसऱ्यांदा सुचवायला नको. आणि दहा झाडांत तीन हे सगळ्यात महत्त्वाचं, "खूप आलंय" म्हणजे एकासाठी चार पानं आणि दुसऱ्यासाठी अख्खा प्लॉट असतो.

फोटोबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण अर्धे वाद फोटोमुळेच होतात. रात्री टॉर्च लावून काढलेला फोटो कुणीच टाकू नये, त्यात पिवळं आणि तपकिरी यातला फरक मरतो. सकाळी उन्हं अंगावर यायच्या आधी काढा. एकाच पानाचे दोन फोटो, वरची बाजू आणि खालची बाजू, कारण डाऊनीत वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी बुरशी, तर भुरी पानाच्या दोन्ही अंगांना पिठासारखी बसते. शेजारी एक निरोगी पान धरा. आणि अजून एक फोटो चार पावलं मागे येऊन अख्ख्या वेलीचा. नुसता झूम केलेला डाग बघून डॉक्टरलाही कळणार नाही की रोग आहे का स्प्रेचा चट्टा.

शंका असेल तर ग्रुपवर टाकायच्या आधी घरचीच एक टेस्ट करा. डाग असलेली पाच सहा पानं तोडा, ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधून रात्रभर घरात ठेवा. जिवंत डाऊनी असेल तर सकाळी खालच्या बाजूने पांढरी लव दिसते. नुसता जुना वाळलेला डाग असेल तर बहुतेक वेळा काही येत नाही. त्या सकाळच्या पानाचा फोटो टाका, अकरा उत्तरांची दोन होतील.

आता उत्तर देणाऱ्यांसाठी, आणि इथे मला जास्त बोलायचंय. उत्तर म्हणजे औषधाचं नाव नाही. माहिती अपुरी असेल तर पहिलं उत्तर हे प्रश्नच असलं पाहिजे, "दादा दिवस किती झाले, शेवटचा स्प्रे कोणता?" यात कमीपणा नाही. आमच्या ग्रुपवर एक वयस्कर अण्णा आहेत, पंचेचाळीस वर्षं द्राक्ष केलंय, ते कधीच पहिल्या मेसेजला औषध सांगत नाहीत, आधी तीन गोष्टी विचारतात, आणि म्हणून त्यांचं एक वाक्य आम्ही बाकीच्यांच्या दहा मेसेजपेक्षा जास्त मानतो.

आणि डोस. डोस लिहिताना घटकाचं नाव, त्याची टक्केवारी आणि किती पाण्याला, या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत पाहिजेत. "एक झाकण" लिहू नका, "थोडं जास्त घ्या" लिहू नका. माझं नुकसान झालं ते इथेच. एकाने लिहिलं होतं, "१ ग्रॅम जीए घ्या." त्याच्या डोक्यात २०० लिटरचं बॅरल होतं, मी १०० लिटरला घातलं. हिशोब साधा आहे, १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग), २०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे ५ पीपीएम, म्हणजे मी दुप्पट मारलं, आणि तेही घड अगदी लहान असताना. घडाच्या पाकळ्या (उपशाखा) गरजेपेक्षा लांबल्या, देठ कडक झाला, घड पोकळ पडला. सांगणारा माणूस चुकला नव्हता, त्याने पाणी लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर नियम केला, जीए, सीपीपीयू असल्या कुठल्याही संजीवकाचा डोस पीपीएममध्येच लिहायचा आणि पुढे कोणत्या दिवसाला, मणी किती मिलीमीटर असताना, हे लिहायचं. सीपीपीयू तर जरा जास्त झालं तरी साल जाड होते, साखर उशिरा भरते, रंगीत जातीला रंग नीट येत नाही, आणि हे सगळं कळतं दोन महिन्यांनी, तेव्हा काही करता येत नाही.

एकरी डोस लिहिताना पण पाणी लिहाच. सुरुवातीला पानं कमी असताना एकराला लागणारं पाणी आणि पूर्ण कॅनोपीला लागणारं पाणी यात दुपटीचा फरक पडतो, त्यात कुणाचा ट्रॅक्टरचा ब्लोअर, कुणाचा एसटीपी पंप.

"हे दोन एकत्र चालतं का" हा ग्रुपवरचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. अनुभव असेल तरच हो म्हणा, आणि कोणत्या कंपनीची कोणती फॉर्म्युलेशन ते पण सांगा कारण तोच घटक पावडरमध्ये वेगळा वागतो आणि लिक्विडमध्ये वेगळा. नसेल माहिती तर बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून बघायला सांगा, साका बसला किंवा फाटलं तर नाही चालत. बाटलीत चांगलं दिसलं म्हणजे पानाला चालेल असंही नाही, तेव्हा आधी दोन वेली. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मात्र एकटंच मारायचं, ते चुन्यामुळे अल्कधर्मी असतं.

व्हॉइस नोट चालेल, हात भरलेले असतात, बागेतून टायपिंग होत नाही, मलाही कळतं. पण डोस आणि नाव नंतर लिहून टाका. आवाजात पंधरा आणि पन्नास ऐकायला चूक होते, आणि महिनाभराने तीच गोष्ट शोधायला गेलं तर व्हॉइस नोट सर्चमध्ये सापडत नाही.

चुकीचा डोस गेला असेल तर नुसतं खाली "सॉरी, ते चुकलं" लिहून भागत नाही, कारण तोवर वरचा मेसेज दुसऱ्या तीन ग्रुपवर फॉरवर्ड झालेला असतो आणि तिथे तुमचं सॉरी पोहोचत नाही. पंधरा मिनिटांच्या आत असेल तर मेसेज एडिट करा, त्यानंतर असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करा, साधारण दोन दिवस तो पर्याय असतो, आणि मग दुरुस्त केलेला मेसेज नव्याने टाका, वर लिहा की आधीचा कुणी पुढे पाठवला असेल तर त्यांना हा पाठवा. दुसऱ्याची चूक दिसली तरी लगेच बोला, पण माणसावर नको, डोसवर बोला. "दादा हा डोस मला जास्त वाटतोय, लेबलवर बघून घ्याल का" एवढं पुरतं. गप्प बसणं मात्र पाप आहे, कारण तो मेसेज वाचून उद्या सकाळी कुणीतरी टाकी भरणार असतो.

लेबल आणि पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस, याबद्दल तर मी हट्टी आहे. २०१० साल ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. क्लोरमेक्वाट क्लोराईड, आपण सगळे सीसीसी म्हणायचो, वेलीची वाढ आवरायला सर्रास वापरायचे, एकमेकांना सांगायचे, बांधावरचं ज्ञान होतं ते. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. त्या वर्षी आपल्या मालात त्याचे अंश सापडले, युरोपच्या बंदरांवर कंटेनर अडकले आणि ज्यांनी थेंबही वापरला नव्हता त्यांच्या मालाचा भावसुद्धा पडला. वापरणाऱ्यांना वाटत होतं आपण बरोबर करतोय, कारण शेजारी तेच करत होता. तेव्हा हे ग्रुप नव्हते, आज आहेत, म्हणजे चुकीची गोष्ट आता एका रात्रीत हजार बागांत जाऊ शकते आणि बरोबर गोष्टही जाऊ शकते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून निर्यातीच्या बागांसाठी औषधांची यादी निघते, आपण तिला अ‍ॅनेक्शर ५ म्हणतो, त्यात प्रत्येक औषधाचा डोस आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं. ती चालू हंगामाची फाइल ग्रुपवर पिन करून ठेवा. मागच्या वर्षीची नको, यादी बदलते. आणि उत्तर देताना पीएचआय लिहिल्याशिवाय मेसेज पाठवू नका, समोरच्याचा माल लोकलला जाणार असला तरी. लोकलचा माल आपलीच पोरं खातात.

दुकानदार आणि कन्सल्टंट ग्रुपवर असावेत की नाही यावर आमच्याकडे भांडणं झालीत. माझं मत, असावेत, त्यांना शंभर बागा दिसतात, आपल्याला एक. पण नावापुढे स्पष्ट पाहिजे की हा विक्रेता आहे, हा कंपनीचा माणूस आहे, हा सल्लागार आहे. लपून सल्ला द्यायचा नाही. आणि उलट बाजूने आपणही एक गोष्ट पाळायची, कुणी पैसे देऊन सल्लागाराकडून शेड्यूल घेतलं असेल तर त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. तो त्या माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे, शिवाय ते शेड्यूल एका विशिष्ट बागेची माती, पाणी आणि देठ परीक्षण (पानाचा देठ लॅबमध्ये तपासून अन्नद्रव्यं बघतात ते) बघून लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या बागेत ते आंधळेपणाने चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचणं.

पावसाबद्दल ग्रुपचं जे काम होतं ते कुठल्याच एका माणसाने होत नाही. "आमच्याकडे पाऊस झाला" याला काही अर्थ नाही. साधा पर्जन्यमापक घ्या, नाहीतर सरळ भिंतीचा डबा आणि फूटपट्टी, आणि लिहा, किती मिमी, किती वाजता, सकाळी किती वाजेपर्यंत पान ओलं होतं. तापमान दहा अंशाच्या वर, पाऊस दहा मिमीच्या आसपास आणि कोवळी फूट, एवढं जुळलं की डाऊनीच्या पहिल्या लागणीला पोषक, हे जुनं गणित आहे, पण आपल्याकडे पाऊस न पडता नुसत्या धुक्याने आणि दवाने पान दहा वाजेपर्यंत ओलं राहिलं तरी आधीची लागण पुढे सरकते. तीस गावांतून असे तीस मेसेज सकाळी साडेदहापर्यंत आले की कुणी आज टाकी भरायची आणि कुणी थांबायचं हे ज्याचं त्याला कळतं, एक स्प्रे वाचला तरी एकराचे केवढे पैसे वाचतात ते तुम्हीच मोजा.

आता परत यायची गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. प्रश्न टाकला, उत्तर मिळालं, स्प्रे मारला, आणि माणूस गायब. पुढे काय झालं ते कुणालाच कळत नाही. मग पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तीच अकरा उत्तरं, कारण कोणतं उत्तर लागू पडलं ते ग्रुपला माहितीच नसतं. आठ दिवसांनी तुमच्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, काय मारलं, डाग थांबले का, नवीन फुटीवर आले का. काही फरक पडला नाही हे पण लिहा. नुकसान झालं ते तर नक्कीच लिहा. लाज वाटते, लोक काय म्हणतील वाटतं, मलाही जीएचं लिहिताना वाटली होती, पण त्या मेसेजनंतर चार जणांनी फोन करून सांगितलं की त्यांचंही तेच होणार होतं.

आणि जमलं तर एक ओळ सोडा. नवीन काही मारणार असाल तर प्लॉटमधली एक ओळ न मारता ठेवा, खूण बांधा, पंधरा दिवसांनी दोन्हींचा फोटो टाका. बोर्डो असंच सापडलं. फ्रान्समध्ये मेडोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना मारायचे, बघणाऱ्याला विषारी वाटावं म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने बघितलं की डाऊनीने सगळी बाग झडली पण रस्त्याकडेच्या त्याच ओळींची पानं हिरवी आहेत. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली सगळं छापून जाहीर केलं, म्हणून आज आपण १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतोय. मारलेली आणि न मारलेली ओळ शेजारी शेजारी होती म्हणून फरक दिसला.

द्राक्षात परत येणं अजून एका कारणाने गरजेचं आहे. काही उत्तरं सहा महिन्यांनी येतात. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, तेव्हा ढगाळ राहिलं, पाऊस लागला, काड्यांची गर्दी झाली, उजेड मिळाला नाही, नत्र जास्त गेलं, तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात, नाहीतर गोळी घड, जिरलेले घड, नुसत्या बाळ्या (तणावे). त्या वेळी ग्रुपवर रडारड होते आणि सगळे ऑक्टोबरच्या पेस्टिंगला (डोळे फुटायला काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात ते) दोष देतात. खरं कारण मे-जूनच्या मेसेजात असतं. म्हणून उन्हाळ्यातलं सगळं तेव्हाच लिहून ठेवा, ४५व्या दिवसाच्या देठ परीक्षणाचा रिपोर्ट, काड्या किती ठेवल्या, पाऊस किती, आणि फळछाटणीआधी काडी तपासून घेतली असेल तर कितव्या डोळ्यावर घड सांगितला आणि प्रत्यक्षात कितव्यावर निघाला. असे पन्नास बागांचे आकडे शेजारी ठेवले की जे दिसतं ते एकट्याला आयुष्यभर दिसणार नाही.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर हे टिकत नाही, ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात आणि सकाळच्या शुभेच्छांत सगळं वाहून जातं. म्हणून आमच्याकडे तीन गोष्टी केल्यात. मेसेज आपोआप गायब होण्याचं सेटिंग बंद. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला ठरलेले शब्द, जात आणि दिवस, "थॉमसन ३२" असं, म्हणजे सर्च केलं की सापडतं. आणि दर पंधरवड्याला एक माणूस, पाळीपाळीने, त्या काळातले निकाल लागलेले प्रश्न एका शीटमध्ये चढवतो, तालुका, जात, दिवस, अडचण, काय केलं, काय झालं. माणसाचं नाव नाही लिहीत. यात ज्यांचा निकाल आलाच नाही त्यांना तो माणूस फोन करतो. कंटाळवाणं काम आहे, पण फोन केला की लोक आनंदाने सांगतात, कधीकधी जे ग्रुपवर लिहिलं नसतं ते पण.

अजून एक. आमच्या ग्रुपवर बरीच वर्षं फक्त सातबाऱ्यावर नाव असलेले पुरुष होते. विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) करणाऱ्या टोळीतल्या बायकांच्या हाताखालून दिवसाला शेकडो घड जातात, मण्यावरचा डाग, पिठ्या ढेकूण, तडा सगळ्यात आधी त्यांना दिसतो. दोन वर्षांपूर्वी टोळीच्या दोन मुकादम ताईंना ग्रुपवर घेतलं. पहिल्याच हंगामात त्यातल्या एकीने सांगितलं की तीन वेगवेगळ्या गावांत पश्चिमेच्या बाजूच्या ओळींतच मणी करपतायत. दुपारचं ऊन, आणि पानं जास्त काढलेली. आम्ही तिघं आपापल्या बागेत वेगवेगळी औषधं शोधत बसलो होतो. तुमच्या ग्रुपवर अशी माणसं नसतील तर या छाटणीच्या आधी घ्या, पेस्टिंग करणारी पोरंही घ्या, म्हणजे हायड्रोजन सायनामाईड लावताना हातमोजे, आणि लावायच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, हे त्यांच्या फोनवर त्यांना थेट वाचता येईल.

हंगाम संपला की शेवटचा मेसेज काढणीचा टाका, छाटणीची तारीख, काढणीचा दिवस, एकरी किती निघालं, ब्रिक्स (गोडी) किती, आणि रेसिड्यूचा (औषधाच्या अंशांचा) रिपोर्ट आला असेल तर नाव आणि नंबर झाकून त्याचा फोटो. आमच्याकडे मार्चअखेर असे साठ-सत्तर मेसेज जमतात, आणि एप्रिलची खरड छाटणी सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी कुणाच्या तरी पॅकहाऊसमध्ये बसून आम्ही ते सगळे मोठ्याने वाचतो.